माजून

शारजाच्या सनैयात, पाच नंबरात,
पुट्टीला माजून म्हणतात. अरबी शब्द.
पहिल्या दिवशी मला हसू आलं :
आमच्याकडे माणसं माजून जातात,
इथं ते डब्यात मिळतं, चार किलो.

वांगडेचाचा हसले नाहीत.
पत्र्यावर तळहात फिरवत, खड्डा शोधत म्हणाले,
दोन्हीला थंड जागेत ठेवावं.

पुढचं सगळं तुटक तुटक शिकवलं,
पॉलिशपेपर भिजवता भिजवता.
डबा अर्धा असो की नवा, रात्री उलटा ठेव.
रेझिन वर येतं, जड असतं ते तळाला बसतं,
त्यांना एकमेकांतून जाऊ दे.
काठ पुसल्याशिवाय झाकण लावलंस
तर हवा आत राहायला येते, भाडं न देता.
हार्डनरची लाल ट्यूब आधी बोटांनी मळ.
आणि पाटीवर कालवलेलं उरलं तर फेकून दे,
जीव तुटला तरी फेक,
परत डब्यात टाकलंस की सकाळी आत खडे.

ऑगस्टात कालवल्यावर हातात दोन मिनिटं.
तेवढ्यात लाव, नाहीतर बघत बस.

गाळ्यात एसी नव्हता.
म्हणून डबे खोलीवर, चाचांच्या खाटेखाली झोपत,
सहा माणसं, चार डबे.
बिजू कुरकुरायचा, वास येतो म्हणून.
चाचा म्हणायचे, वास आला तर डबा गेला,
वास येतोय का बघ, आणि मला उठव.

मार्चात चाचा कायमचे गेले, दाभोळला.
बॅगेत दोन ब्लँकेटं, टँगचा डबा, नातीचे सँडल.
जाताना अर्धा डबा माझ्याकडे दिला, बोलले नाहीत काही.
मग लायसन्सचं काहीतरी झालं,
अरबाबाने गाळा दोन महिने बंद केला,
मी अजमानला गाड्या धुतल्या.
डबा गाळ्यातच राहिला. फळीवर. सरळ.

शटर उघडलं तेव्हा वर साय होती, चामड्याची.
खाली घट्ट, करडं, सुरी उभी राहील असं.
हणमा जतचा, नवा पोरगा,
धावत थिनर घेऊन आला.
मी ओरडलो. माझ्याच आवाजात चाचा ओरडले.
थिनरने सैल होतं रे, पण सुईएवढी भोकं पडतात,
महिन्याने रंग फुगतो, गिऱ्हाईक आईवर येतं.

साय उचलली, अख्खी, तुकडा न सांडता.
झाकण लावून डबा बादलीत ठेवला.
पाणी तापवायला लागलं नाही,
ऑगस्टात इथला नळच तापलेला येतो.
मग रेझिन, एक चमचा. थांबलो. अर्धा अजून.
काठीनं तळापासून वर, पुरण हलवतात तसं,
फेटायचं नाही, हवा भरते.

चाचांना फोटो पाठवला.
दाभोळहून आवाज आला, मधे खोकला,
मागे कुणीतरी मासळीचा भाव करत होतं :
कालवल्यावर रंग कसा आला?
मी म्हटलं, तळहाताच्या आतल्या बाजूसारखा.
बराच वेळ काही नाही. मग,
उलटा ठेवला नव्हतास.

गिऱ्हाइकाच्या गाडीला नको म्हणून
गाळ्याच्याच पिकअपला लावली, मागच्या फळक्याला,
जिथे चाचांनी एकदा रिव्हर्समध्ये खांब ठोकला होता
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.
दोन मिनिटं आम्ही दोघं गप्प.
मधे धरली. डाव्या कडेला नख रुतलं.
तेवढी खरवडून टाकली.

रात्री डबा खाटेखाली, उलटा.
खाट आता हणमाची.
वरून डोकं काढून तो विचारतो,
झाकण सुटलं तर?
सांडलं तर कळेल, म्हटलं,
नीट लागलं नव्हतं ते. झोप.